विमानाची देखभाल-नोंद
विमानाची देखभाल-नोंद : विमान कारखान्यातून बाहेर पडल्यापासून मोडीत निघेपर्यंतच्या तपासण्या, दुरुस्त्या, बदललेले भाग व आढळलेले दोष यांची अखंड नोंद. ती विमानाची असते, मालकाची नव्हे. विमान विकले गेले, तरी ती त्याच्याबरोबर जाते. सांगाडा व प्रत्येक एंजिन यांच्या नोंदी स्वतंत्र ठेवतात. विमानातील तांत्रिक नोंदवहीत वैमानिक दोष लिहितो आणि परवानाधारक अभियंता निवारणाखाली सही करतो.

उड्डाणाचे तास व उड्डाणांची संख्या वेगवेगळी मोजतात. आखूड पल्ल्याच्या सेवेत दुसरा आकडा अधिक बोलका असतो. उदा., शिर्डी विमानतळ (काकडी, जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, तेव्हा तेथून मुंबईचा प्रवास जेमतेम तासाभराचा होता, पण प्रवासी कक्षातील हवेचा दाब चढण्या-उतरण्याचे एक आवर्तन तेवढ्यातही सांगाड्याला सोसावे लागते. त्यातून येणारा धातूचा शिणवटा तासांच्या आकड्यावरून कळत नाही. हवाई बेटांदरम्यान आखूड फेऱ्या करणाऱ्या एका बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग २८ एप्रिल १९८८ रोजी उडाला व एक हवाई सेविका मृत्युमुखी पडली. त्या विमानाचे तास ३५,४९६, तर उड्डाणे ८९,६८० झाली होती.

एंजिनातील टरबाइनच्या चकत्यांचे आयुष्य मुख्यत्वे आवर्तनांतच ठरलेले असते. अशा चकतीचा पूर्वेतिहास नोंदीत कोठे तुटला, तर ती धडधाकट दिसत असूनही बाद ठरवितात.