कानात रातकिडे ओरडतात तेव्हा



आपल्या वस्तीतले एक दादा रात्री दोन-दोन वाजता उठून दारात बसायचे. जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलला बारा वर्षं काम. "ताई, सगळे झोपले की माझ्या कानात रातकिडे ओरडतात," म्हणाले. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी असेल. एका भगतानं दोन हजार घेतले. मग कुणी कानात गरम तेल ओतलं. माझ्याकडे आले तेव्हा कान सुजला होता आणि रातकिडे तसेच होते.

या त्रासाला डॉक्टर टिनिटस म्हणतात. बाहेर आवाज नसताना शिट्टी, घूंघूं, किरकिर ऐकू येते. ही बाधा नाही, वेडही नाही. (कुणी बोलतंय असे शब्द ऐकू येत असतील तर ते वेगळं, त्यासाठी मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा.) जगभरातले अभ्यास एकत्र करून 2022 साली काढलेला अंदाज असा, की शंभरातल्या साधारण 14 प्रौढांना हा त्रास असतो आणि दोघांना तो तीव्र असतो.

आतल्या कानात शंखासारख्या नळीत सुमारे 15 हजार बारीक केसाळ पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मरतात. जालना बियाण्यांचं गाव, पण हे बी पुन्हा उगवत नाही. कानाकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपलं बटण वाढवतो. रेडिओला स्टेशन लागत नसताना आवाज वाढवला तर खरखरच मोठी होते, तसंच हे असावं असं संशोधक मानतात. नेहमीच्या तपासणीत कान चांगले निघालेल्या काही रुग्णांतही कानाच्या नसेचं नुकसान झाल्याच्या खुणा 2023 मध्ये बोस्टनच्या संशोधकांना सापडल्या. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी माणसाला ढोंगी म्हणू नका.

कुणाला हा त्रास होईल हे सांगणारी रक्ताची तपासणी नाही. पण शरीर आधी इशारा देतं. पाळी सुटल्यावर तासभर कान वाजतात, दडे बसल्यासारखे वाटतात, तो पहिला इशारा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज 85 डेसिबलच्या वर आहे असं धरा. कापसाचा बोळा कामाचा नाही. फोमचे इअरप्लग किंवा कानावरचे मफ मागून घ्या. आणि रागावू नका, 14 एप्रिलच्या डीजेपुढे खांद्यावर लेकरू घेऊन नाचणाऱ्यांनाही मी हेच सांगते.

कारण नेहमी आवाजच असतं असं नाही. मळ, रक्तदाब, अंगात रक्त कमी असणं, अमिकासिन-जेंटामायसिनची इंजेक्शनं, जास्त डोसची ॲस्पिरिन यांनीही कान वाजतात. टीबीचं औषध मात्र मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

कान वाजणं कायमचं पुसून टाकणारी गोळी अजून नाही. बीटाहिस्टिनच्या स्ट्रिपा महिनोन् महिने घेणारे पाहते तेव्हा जीव हळहळतो. नुसत्या टिनिटससाठी ती देऊ नये, असं ब्रिटनच्या 2020 च्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानं आवाज मागे पडतो. रात्री अगदी शांतता नको. पंखा किंवा हळू रेडिओ चालू ठेवा. त्रासाची धास्ती कमी करणाऱ्या समुपदेशनाला सर्वांत भक्कम पुरावा आहे. झोप उडाली, जीव नकोसा झाला तर टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर लावा.

अचानक ऐकू येणं बंद झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. इथे उशीर केला तर ऐकू परत येण्याची शक्यता कमी होते. एकाच कानात आवाज येतो, नाडीबरोबर ठोके ऐकू येतात, तोंड वाकडं होतं किंवा चक्कर येते, तरी जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवा. पुढची तपासणी घाटीत होते.

एक गोष्ट ठेकेदार सांगत नाही. कामावरच्या आवाजानं आलेला बहिरेपणा हा ईएसआय आणि कामगार भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार आहे. नुसत्या कान वाजण्यावर भरपाई मिळत नाही, बहिरेपणा दाखवावा लागतो. "वयानं होतं" म्हणून हाकलतात, तेव्हा तारखेसह श्रवण चाचणीचा कागदच उपयोगी पडतो. कामाला लागतानाच एक चाचणी करून घ्या, मग दरवर्षी.

दादांच्या चाचणीत दोन्ही कानांनी बारीक आवाज ऐकू येत नसल्याचं निघालं. रातकिडे अजून आहेत. पण टेबलफॅन लावून ते पाचपर्यंत झोपतात, आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत ईएसआय कार्डाबरोबर ठेवलाय.