चुलीवरची आंबील आणि शेगडीवरची बिअर

गेल्या उन्हाळ्यांत हिमायतनगरच्या आमच्या घरीं एक लहानसा पेंच उपस्थित झाला. पुण्यास नोकरीला असलेला माझा पुतण्या आठ दिवसांकरितां आला होता. येतांना त्यानें मोड आणून वाळविलेले जव, हॉप नांवाच्या वेलीचीं वाळलेलीं फुलें आणि किण्वाची एक पुडी बरोबर आणली होती. "काका, गॅसच्या शेगडीवर पांच लिटर बिअर करून दाखवूं कां?" असें त्यानें सरळच विचारलें. घरांत क्षणभर कोणी बोलेना. वडीलपणाच्या नात्यानें निर्णय माझ्याकडे आला. जन्मभर मास्तरकी केल्यामुळें आधीं उत्तरपत्रिका वाचावी आणि मग गुण द्यावे ही संवय जडलेली. म्हणून मीं त्यास कृति सांगावयास लाविलें.

तो सांगूं लागला : मोडाचे जव भरडून सुमारें ६५ अंश उष्ण पाण्यांत तासभर ठेवावयाचे; म्हणजे मोड येतांना धान्यांत उत्पन्न झालेलें पाचक द्रव्य पिठाची साखर करतें. मग तें गोड पाणी गाळून, हॉपचीं कडू फुलें घालून तासभर उकळावयाचें. निववून त्यांत किण्व सोडावयाचें. आठ-पंधरा दिवसांत साखरेचें मद्य होतें. बाटल्या भरतांना प्रमाण चुकलें तर त्या फुटतातहि.

स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या असलेल्या माझ्या थोरल्या वहिनी, वय ऐंशीच्या पुढचें, हें ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या आंबिलीचीच भावकी की रे! तुम्ही आधीं शिजवतां नि मग आंबवतां. आम्ही आधीं आंबवतों नि मग शिजवतों."

वाचकहो, या एका वाक्यांत सारें रसायन आहे. ज्वारीचें पीठ ताकांत कालवून रात्रभर ठेवलें म्हणजे ताकांतील सूक्ष्म जंतु त्यांत आम्ल उत्पन्न करतात. पिठाला मोड आलेले नसल्यामुळें त्याची साखर फारशी होत नाहीं आणि मद्य करणाऱ्या किण्वाला खाद्य मिळत नाहीं. सकाळीं तें मीठ-जिरें घातलेल्या आधणांत वैरून शिजविलें कीं उरलासुरला अंशहि उडून जातो. आंबट होणें व मद्य होणें हीं दोन्हीं सूक्ष्म जीवांचींच कामें आहेत, हें फ्रेंच पंडित पाश्चर यानें दाखविलें. बिअरवरील त्याचा ग्रंथ १८७६ सालचा. हीच ज्वारी मोड आणून सुदान देशांत आंबवितात, तेव्हां तिची 'मरीसा' नांवाची बिअर होते. मात्र ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत विष असतें. कोवळें पीक खाऊन गुरें दगावतात हें आपला शेतकरी जाणतो. तेव्हां असला प्रयोग घरीं कोणीं करूं नये.

आपल्या शास्त्रकारांनींहि हा भेद ओळखला होता. मनूनें गौडी, पैष्टी व माध्वी अशा तिन्ही सुरा ब्राह्मणांस वर्ज्य केल्या. बिअर ही पिठाची, म्हणजे पैष्टीच्याच कुळांतली. पण आंबलेले पदार्थ निषिद्ध सांगतांना दहीं व दह्यापासून झालेलें सर्व त्यानें भक्ष्य ठरविलें. कौटिल्याचें अर्थशास्त्र तर याहून मोकळें : सुराध्यक्षाच्या प्रकरणांत, विशेष प्रसंगीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्यास कुटुंबवत्सल गृहस्थास मुभा दिलेली आहे.

आज ती मुभा नाहीं. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यांत लागू आहे. परवान्यावांचून मद्य तयार करणें, मग तें घरापुरतें कां असेना, त्यानें गुन्हा ठरतें. मीं पुतण्यास एवढेंच सांगितलें, "तुझी विद्या खोटी नाहीं, पण या घरीं तिचा प्रयोग नको." तो हिरमुसला, पण दुसऱ्या पहांटे वहिनींच्या शेजारीं बसून आंबील ढवळूं लागला. गुठळी होऊं न देणें हें बिअरपेक्षां कठीण, असें तोच म्हणाला.

त्याला ढवळतांना पाहून मला माझेंच एक कृत्य आठवलें. नवीन नोकरींत असतांना शाळेचे वरिष्ठ भर उन्हांत घरीं आले. मातोश्रींनीं आंबिलीचा पेला पुढें केला, तो मीं लाजून मागें सारला आणि बाजारांतून रंगीत पाण्याच्या बाटल्या मागविल्या. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. पुन्हां मात्र कोणाही पाहुण्यापुढें त्यांनीं आंबील आणली नाहीं.

लातूर-धाराशिवकडे व आमच्या नांदेडच्या कांहीं भागांत मार्गशीर्षांतील वेळा अमावास्येला शेतकरी आंबिलीचें मडकें अजून मानानें शेतांत नेतात. सुशिक्षितांच्या घरांतून मात्र ती निघून चालली आहे. पीठ किती वेळ ठेवावें, वासावरून कसें ओळखावें, हें आमच्या घरांत एकट्या वहिनींस ठाऊक होतें. आतां तें पुतण्यासहि ठाऊक झालें आहे. मुलें परक्या देशाची कृति घेऊन दारीं येतात तेव्हां त्यांच्यावर रागावण्यापूर्वीं, आपण त्यांना घरची कृति कधीं शिकविली होती काय, एवढें प्रत्येक वडीलधाऱ्यानें स्वतःस विचारावें.