ऊन पाण्याचा हिशेब

कबनूरमध्ये विजेच्या दुकानात जाऊन 'हीटर द्या' म्हटले, तर दुकानदार बादलीत बुडवायची कांडी काढून देतो. खोली तापवायचे यंत्र मागायचे असेल तर ते वेगळे सांगावे लागते, आणि तसे मागणारे गिऱ्हाईक क्वचितच येते. युरोपात घर बांधताना भिंतींच्या आधी घराच्या उबेचा विचार होतो, काश्मिरात हमामाची खोली आणि कांगडी असते. आपल्याकडे खोली तापवायची वेळ येते ती बाळंतिणीच्या शेगडीपुरती. बाकी थंडी घोंगडीवर, नाहीतर दारातल्या शेकोटीवर भागते. पण पाणी मात्र बाराही महिने तापवावे लागते. कोल्हापूरकडच्या घरात उष्णतेसाठी जो काही खर्च होतो, त्यात स्वयंपाकाच्या खालोखाल आंघोळीचे पाणी असते. त्यामुळे 'घरासाठी तापवण्याची नवी व्यवस्था' हा विषय इथे न्हाणीपासूनच सुरू करावा लागतो.

या कामासाठी भाषेने किती शब्द राखून ठेवले आहेत पाहा. ऊन पाणी, कोमट पाणी, कढत पाणी. ते काढून घ्यायचे घंगाळ. आणि त्यात घालायचे थंड पाणी म्हणजे विसण. आधी पाणी गरजेपेक्षा जास्त तापवायचे आणि मग हाताला सोसेल इतपत विसणायचे, ही रीत जुनी आहे. आजच्या सौर टाकीचे गणितही याच विसणावर उभे आहे, ते पुढे येईल.

जुन्या व्यवस्थेचा राजा म्हणजे तांब्याचा बंब. आग विझवणाऱ्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो, ही गंमत आहे. बंबाची रचना मात्र पक्की विचारपूर्वक केलेली आहे. बाहेर पाण्याचे उभे पिंप, त्याच्या मधोमध आरपार गेलेले नळकांडे, खाली जाळी, राखेसाठी जागा आणि बाजूला तोटी. जळण नळकांड्यात वरून टाकायचे. आग पाण्याच्या खाली नसते, पाण्याच्या पोटात असते. त्यामुळे ज्वाळेची उष्णता चहूबाजूंनी पाण्याला भिडते. इचलकरंजी आणि कबनूरच्या परिसरात सुताच्या बीमला खळ लावणारे सायझिंगचे कारखाने आहेत. तिथल्या वाफेच्या बॉयलरातही नळ्यांमधून आग आणि बाहेर पाणी, हीच युक्ती मोठ्या आकारात वापरलेली असते. १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला. आज वाफ, वीज आणि मोटार यांचे व्यवहार ज्या भागात पोराटोरांना तोंडपाठ आहेत, त्या भागात आंघोळीच्या पाण्याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

तो आता मांडू, आणि बादलीत मांडू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. २० लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायची, म्हणजे ४०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात, तेव्हा एका बादलीला अर्ध्या युनिटाला थोडे कमी. पाच माणसांच्या पाच बादल्यांना दिवसाला २.३ युनिट. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमध्ये किलोमागे सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. त्यातला पाचवा हिस्सा वाया जातो असे धरले तरी ३१० च्या आसपास बादल्या निघतात, म्हणजे पाच माणसांच्या घरात दोन महिने. वाळलेल्या लाकडाच्या किलोत साधारण ४,००० किलोकॅलरी असतात. कागदावर त्यातून दहा बादल्या निघायला हव्यात. उघड्या चुलीवरच्या हंड्यातून त्याच्या निम्म्याही निघत नाहीत. उरलेली उष्णता धूर होऊन जाते.

जळण फुकट आहे, असे मात्र सगळे म्हणतात. तुरकाठ्या, मक्याची बुरकुंडे, नारळाच्या सोडण्या, शेणी, कुठे सुतारकामाच्या ढलप्या. पैसे जात नाहीत हे खरे. पण ते गोळा करणे, पावसाआधी वाळवून रचणे आणि पहाटे पाचला उठून फुंकणे हे काम बहुतेक घरांत एकाच माणसाकडे असते, आणि व्यवस्था बदलायची की नाही हे ठरवताना त्या माणसाला क्वचितच विचारले जाते. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, पुष्कळ घरांत सिलिंडर पोहोचला. तरीही ज्या घरांत चहा-भाजी गॅसवर होते, त्याच घरांच्या परसात आंघोळीच्या पाण्याची चूल धुमसताना दिसते. महागाचे इंधन पोटासाठी आणि फुकटचे अंगासाठी, अशी ती वाटणी आहे. चुलीवरून सगळ्यात शेवटी उतरते ते आंघोळीचे पाणी.

विजेचे प्रकार तीन. बादलीतली कांडी स्वस्त आणि धोकादायक. तिला पायात अर्थिंगची तार असली तरी भिंतीतल्या सॉकेटला ती नसली तर उपयोग शून्य, आणि जुन्या भाड्याच्या खोल्यांत ती नसतेच. बटण बंद करून, पिन काढून मगच पाण्याला हात लावायचा, हा नियम ज्या घरात लहान मुले आहेत तिथे पाळला जाईलच असे नाही. दुसरा प्रकार तीन लिटरचा झटपट गिझर. तो ३ किलोवॉटचा असतो, म्हणजे १३ अँपिअर ओढतो. दिव्याच्या तारेवर तो जोडणे म्हणजे तार जाळणे. तिसरा टाकीचा, १० ते २५ लिटरचा, बहुधा २ किलोवॉटचा. त्याच्यावरचे तारे हे पाणी किती लवकर तापते याचे नसतात. तापलेले पाणी टाकीत नुसते पडून राहिले तर किती उष्णता निसटते, त्याचे ते माप आहे. गिझर आंघोळीपुरता लावून बंद करणाऱ्या घराला ताऱ्यांचा फायदा थोडा, दिवसभर चालू ठेवणाऱ्याला पुष्कळ. आणखी एक गोष्ट: महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटांच्या पायऱ्या आहेत. महिन्याला ७०-८० युनिट जाळणाऱ्या घरात गिझरचे ७० युनिट आले, की वरचे युनिट पुढच्या पायरीच्या दराने मोजले जातात. म्हणून शेजारच्या घरात परवडलेला गिझर आपल्याला परवडेलच असे नाही.

गॅस गिझरबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे चूक पैशांची नसते. मिनिटाला सहा लिटर ऊन पाणी देणारा गिझर दहा मिनिटांत सुमारे १७० ग्रॅम गॅस जाळतो. तेवढ्या गॅसला दोन घनमीटरहून जास्त हवा लागते. पाच फूट बाय सहा फूट, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात हवा असते जेमतेम पावणेसात घनमीटर. म्हणजे दार-खिडकी बंद करून एक जण निवांत आंघोळ करून बाहेर येईतो खोलीतल्या ऑक्सिजनचा जवळजवळ तिसरा हिस्सा ज्योत खाऊन टाकू शकते. ऑक्सिजन कमी पडू लागला की ज्योत विझत नाही, अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, या वायूला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, पाय गळतात, आणि कडी काढायचे भान राहत नाही. धूर निदान खोकला आणून माणसाला बाहेर तरी हाकलतो. गॅस गिझर घ्यायचाच असेल तर तो न्हाणीघराबाहेर, उघड्या सज्जात किंवा परसाच्या भिंतीवर बसवावा आणि फक्त पाण्याची नळी आत न्यावी. 'खिडकीची एक फट आहे' ही सबब चालत नाही. थंडीत ती फट पहिल्यांदा बुजवली जाते.

आता छपराकडे. सौर यंत्रात पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते, थंड पाणी खाली उतरते, आणि दिवसभर हा रहाट फिरत राहतो. १०० लिटरच्या यंत्राला सुमारे दोन चौरस मीटर तापणारा पृष्ठभाग लागतो. आपल्याकडे स्वच्छ दिवशी चौरस मीटरवर साधारण पाच युनिटांएवढे ऊन पडते, त्यातले निम्म्याच्या आतबाहेर पाण्यात उतरते. तेवढ्यात १०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत जाते.

इथे विसण कामाला येते. ६० अंशांच्या १०० लिटरमध्ये २२ अंशांचे ९० लिटर विसण घातले की ४२ अंशांचे १९० लिटर पाणी होते. म्हणजे नऊ बादल्या. पाच माणसांना १०० लिटर पुरते. २०० लिटरची टाकी विकायला आलेल्या माणसाला हे गणित करून दाखवावे. उन्हात मोठी टाकी सावकाश तापते, आणि भरलेली २०० लिटरची टाकी, सांगाडा, नळ्या मिळून छपरावर पाव टनाहून अधिक वजन येते.

कबनूरमध्ये हा वजनाचा मुद्दा मोलाचा आहे, कारण इथे बरीच छपरे मागांच्या शेडची आहेत. पत्र्यावर टाकी ठेवता येत नाही. जमिनीवरून लोखंडी मनोरा उठवावा लागतो आणि तो खर्च यंत्राच्या किमतीत कोणी सांगत नाही. स्लॅब असेल तर सावली बघावी. कबनूर १६.७ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ५० अंशांवर असतो, तेव्हा दक्षिणेकडच्या दहा फुटी भिंतीची किंवा टाकीची सावली साडेआठ फूट पडते. सकाळी नऊला याच्या कितीतरी जास्त. थंडीत पाणी हवे असेल तर पाहणी मे महिन्यात करून उपयोग नाही. तोंड दक्षिणेला आणि कल ३० अंशांच्या आसपास ठेवला की हिवाळ्याचे ऊन नीट मिळते. मागांच्या वस्तीत काचेवर कापसाचे तंतू बसतात, त्यांना धूळ चिकटते. पंधरवड्याला काच पुसायला जिना हवा, नुसती शिडी पुरत नाही.

दोन जातींतली निवड पाणी बघून करावी. सपाट पेटीत तांब्याच्या बारीक नळ्या असतात. बोअरच्या जड पाण्याचे क्षार तापल्यावर त्यांत बसतात आणि काही वर्षांत नळ्या गिळून टाकतात. काचेच्या निर्वात नळ्यांच्या यंत्रात नळी रुंद असते, क्षार तळाशी साचतात पण वाट लवकर बंद होत नाही. उलट त्या फुटू शकतात. नळाचे गोडे पाणी असेल तर सपाट पेटी जास्त टिकाऊ. बोअरचे असेल, किंवा आठवड्यात दोन्ही मिसळत असतील, तर निर्वात नळ्या घ्याव्यात. पत्रकातल्या टक्केवारीपेक्षा घरातल्या हंड्याच्या बुडाला बसलेला पांढरा थर जास्त खरे सांगतो.

मग नळ. पाऊण इंची नळीच्या एका मीटरमध्ये पाव लिटरहून थोडे जास्त पाणी मावते. टाकी छपराच्या एका टोकाला आणि न्हाणी दुसऱ्या टोकाला, मध्ये १५ मीटर, तर ऊन पाणी येण्याआधी चार लिटर थंड पाणी प्रत्येक वेळी वाहून जाते. नळाला दररोज पाणी न येणाऱ्या गावात हे सोसणारे नाही. म्हणून सौर टाकी न्हाणीच्या डोक्यावर आणावी. ते जमत नसेल तर नळी अर्ध्या इंचाची घ्यावी. साधी पीव्हीसी नळी ६० अंशांना मऊ पडते, सीपीव्हीसीच लागते, आणि तिच्यावर फोमचे वेष्टन हवे. थंड पाण्याची टाकी सौर टाकीपेक्षा उंच असावी, आणि हवेची नळी त्या टाकीच्या पाण्याच्या पातळीच्याही वर न्यावी. ती नळी आखूड ठेवली की पाणी ओसंडत राहते. अशी छपरे ओळखणे सोपे आहे: भिंतीवर क्षाराचा पांढरा ओघळ असतो.

छपरावर विजेच्याच पट्ट्या का बसवू नयेत, हा प्रश्न २०२४ च्या सूर्यघर योजनेनंतर रास्त आहे. तिचे अनुदान विजेच्या पट्ट्यांना आहे. दोन चौरस मीटर पट्टीतून दिवसाला दीड युनिटाच्या आसपास वीज निघते, त्याच जागेतून सौर टाकी चार युनिटांची उष्णता देते. मात्र पट्टीची वीज वर्षभर कशालाही चालते, आणि हीट पंप जोडला तर एका युनिटात तीन युनिटांचे पाणी तापते. हीट पंप अजून महाग आहे. दहा-बारा माणसांच्या एकत्र घराला तो शोभतो, चौघांच्या घराला नाही.

मागांच्या पाळ्यांमुळे इथे आंघोळीची वेळही एक नसते. रात्रपाळीचा माणूस सकाळी येतो, दिवसपाळीचा संध्याकाळी. सौर टाकीतले पाणी दुपारी चारनंतर सर्वांत ऊन असते, म्हणजे संध्याकाळची आंघोळ जवळजवळ फुकट पडते. घरचे वेळापत्रक आधी लिहून काढावे ते यासाठी. एकच दिवस सगळ्यांची वेळ एक होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे लावून घरचे आणि पाहुणे रांगेत बसलेले असतात. त्या एका पहाटेसाठी दुप्पट टाकी घेऊ नये. तेव्हा हंडा चढवावा.

खरी पंचाईत पावसाळ्याची. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला सरकलेला असतो, दक्षिणेकडे कललेल्या यंत्रावर ऊन तिरपे पडते, आणि जूननंतर तर ढगच. विक्रेते यासाठी सौर टाकीतच विजेचे वेटोळे बसवून देतात. ते मी सुचवणार नाही. दोन बादल्यांसाठी सगळी शंभर लिटरची टाकी तापवावी लागते. त्याऐवजी न्हाणीत दहा लिटरचा गिझर लावून सौर पाण्याची नळी त्यातून आणावी. पाणी ऊन आले तर गिझर बंद राहतो, कोमट आले तर उरलेली कसर तेवढी भरतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यानेही असाच लहान गिझर घ्यावा, मात्र आधी घरमालकाकडून अर्थिंग करून घ्यावे. खोली बदलताना गिझर बरोबर नेता येतो. ज्या घरातला बंब अजून मोडीत गेलेला नाही, तिथे जुलैत तो पुन्हा पडवीत येतो. त्याचे जळण मात्र मे संपायच्या आत कोरड्या जागी रचून ठेवावे लागते.