थॉर्प ॲबट्सचा नियंत्रण-मनोरा

इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यात, शेतजमिनींनी वेढलेला जो दुमजली नियंत्रण-मनोरा थॉर्प ॲबट्स येथे अद्याप उभा आहे, तो युद्धकालीन विमानतळांच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा, असे माझे प्रांजळ मत आहे. जून १९४३ पासून येथे अमेरिकेच्या आठव्या वायुदलातील शंभराव्या बॉम्बर गटाचे ठाणे होते. मोहिमेवरून परतणारी विमाने याच मनोऱ्याच्या सज्जातून मोजली जात, आणि १० ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मनीतील म्युन्स्टरवर हल्ल्यासाठी गेलेली या गटाची १२ विमाने नष्ट होऊन वैमानिक रोझेंथाल यांचे एकच विमान परतले.

अशा तळाची रचना वाचण्यास शिकले पाहिजे. वारा कोणत्याही दिशेचा असला तरी उड्डाण साधावे, म्हणून एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या. शत्रूच्या एका हल्ल्यात सर्वनाश होऊ नये, म्हणून परिघावर विखुरलेले विमानांचे थांबे. आणि निवासासाठी, १९१६ साली मेजर निसेन यांनी योजिलेल्या, पन्हळी पत्र्याच्या अर्धगोलाकार बराकी. युद्धोत्तर काळात शेती पुन्हा सुरू झाली, धावपट्ट्यांचे काँक्रीट बव्हंशी उखडले गेले आणि मनोरा मोडकळीस आला. परंतु स्थानिक स्वयंसेवकांनी त्याचा जीर्णोद्धार करून १९८१ मध्ये तेथे संग्रहालय उघडले.

भेटीस जाणाऱ्यांना आग्रहाची विनंती इतकीच, की सभोवतालची जमीन खासगी मालकीची असल्याने परवानगीवाचून शेतात शिरू नये, आणि विटेचा एक तुकडाही स्मृतिचिन्ह म्हणून उचलू नये.