थोरलीच्या घरात

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. हातातले पुस्तक खाली ठेववत नाही आणि उठून मोरीपर्यंत जाण्याचा धीरही होत नाही. ही अवस्था आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची असेल. “एवढी भीती वाटते तर वाचतेस कशाला?” हा घरातल्या कर्त्या माणसांचा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर कित्येक दिवस माझ्याजवळ नव्हते. ते मला १९६४ साली माझ्या मावशीने दिले, आणि मावशी मराठी चौथीच्या पुढे शिकलेली नव्हती!

पण आधी या कादंबऱ्यांचे कूळ थोडक्यात सांगते. इंग्रजीत त्यांना ‘गॉथिक’ म्हणतात. मुळात हा शब्द टोकदार कमानींच्या जुन्या बांधकामाचा. होरेस वॉल्पोल नावाच्या इंग्रज गृहस्थाने १७६४ साली ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तीवर ‘गॉथिक कथा’ असे बिरुद लावले. तीत लग्नाच्या दिवशीच एक अवाढव्य शिरस्त्राण अंगावर कोसळून नवरदेव चिरडून मरतो. मग काय, इंग्रजी कादंबरीत भुयारे, जळमटे आणि करकरणाऱ्या दारांचा सुकाळ झाला. जेन ऑस्टिनने ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’त याची झकास टर उडवली आहे. तिची नायिका वादळी रात्री एका जुन्या कपाटातून कागदांची गुंडाळी काढते, तेवढ्यात मेणबत्ती विझते. बिचारीचा कितीतरी वेळ डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी पाहते, तर त्या निघतात धोब्याच्या याद्या!

पुढच्या लेखकांनी मात्र एक गोष्ट ओळखली. भुयार नसले तरी चालते. धोब्याची यादीसुद्धा माणसाला घाबरवू शकते. फक्त ती यादी कुणाच्या कपड्यांची, हे महत्त्वाचे.

डाफ्ने द्यु मोरिए हिची ‘रेबेका’ १९३८ साली प्रसिद्ध झाली. श्रीमंत बाईची पगारी सोबतीण म्हणून दिवस काढणारी एक गरीब, बुजरी मुलगी मॅक्सिम नावाच्या विधुराशी लग्न करते आणि मँडर्ली या त्याच्या थोर वाड्यात येते. त्याची पहिली पत्नी रेबेका समुद्रात बुडून मेलेली. पुस्तकात भूत कुठेच नाही. पण कोटाच्या खिशात जुना रुमाल सापडतो, त्यावर रेबेकाची अक्षरे भरलेली. लिहिण्याचे टेबल तिचे, जेवणाची पद्धत तिची. मिसेस डॅन्व्हर्स ही घराची कारभारीण तर तिची खोली जशीच्या तशी राखून बसलेली. एके दिवशी नव्या मालकिणीच्या हातून चिनी मातीची एक मूर्ती फुटते. घराची धनीण ती, पण तुकडे गोळा करून मोलकरणीसारखी ड्रॉवरमध्ये मागे लपवते! कितीही रक्त सांडले असते तरी माझ्या अंगावर जो काटा आला नसता, तो या प्रसंगाने आला. कारण तसे तुकडे लपवणारी बाई मी पाहिली होती.

शाळेसाठी मी पुण्यात मावशीकडे राहत होते. मावशी बिजवराला दिलेली. माजघरात थोरलीचा फोटो, त्याला रोज हार. मावशीच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर थोरलीच्या नावाची सोन्याची पुतळी. तशी चालच होती. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला थोरलीसाठी सवाष्ण जेवायला यायची आणि त्या दिवशी चार वाजता उठून पुरण घालायचे ते मावशीने. वर सासूबाईंचा शेरा ठरलेला, “थोरलीच्या हातची गोष्टच वेगळी हो.” एकदा लोणच्याची बरणी फुटली तेव्हा मावशीने खापऱ्या पदराआड परसात नेऊन पुरल्या. मला म्हणाली, “बोलू नकोस हं कुठे. थोरलीची होती.”

१९६४ साली ‘कोहरा’ हा हिंदी चित्रपट आला. निर्माते हेमंतकुमार, दिग्दर्शक बिरेन नाग. नव्या नवरीच्या भूमिकेत वहिदा रहमान, आणि डॅन्व्हर्सबाईच्या जागी आपल्या ललिता पवार! ‘रेबेका’चाच तो हिंदी अवतार, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. काका परगावी गेलेले, म्हणून आम्ही दोघी दुपारच्या खेळाला गेलो. धुक्याच्या आणि किंचाळण्याच्या प्रसंगांना मी मावशीचा दंड घट्ट धरत होते. ती मात्र शांत. ललिता पवार नुसत्या दारात उभ्या राहून नव्या नवरीकडे बघू लागल्या, की मावशीचा हात गार पडे.

परतताना टांग्यात ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तुला एक सांगते. मागे शेजारच्या आजी बोलता बोलता बोलून गेल्या, की थोरली सासूबाईंशी भांडून सहा महिने माहेरी जाऊन बसली होती. त्या रात्री मी दोन घास जास्त जेवले बघ. मेलेल्या माणसाची उणी गोष्ट ऐकून! मग दुसऱ्या दिवशी फोटोला हार घालताना हात कापायला लागला. भूत वगैरे काही नसतं गं. आपण तसे होतो ना, त्याचं भ्या वाटतं.”

पुढे कॉलेजात गेल्यावर मी मूळ कादंबरी वाचली. (ज्यांना ती अजून वाचायची आहे, त्यांनी हा परिच्छेद खुशाल गाळावा.) शेवटाकडे मॅक्सिम कबूल करतो, की रेबेकाला त्यानेच गोळी घातली आणि तिच्यावर त्याचे कधी प्रेमच नव्हते. हे ऐकून त्याच्या तरुण पत्नीला काय वाटते? खुनाची भीती? छे! तिचे मन पिसासारखे हलके होते. तिच्यापुरती एकच बातमी खरी: त्याचे रेबेकावर प्रेम नव्हते. आणि आपण वाचकही तिच्याबरोबर सुटकेचा श्वास टाकतो आणि पुढची शंभर पाने एक खुनी सुटावा म्हणून देव पाण्यात घालून बसतो. तिथे मला मावशीचे ते दोन घास आठवले. हिचकॉकने १९४० साली या कथेवर चित्रपट काढला, तेव्हा अमेरिकेतल्या नियमांमुळे खुनाचा अपघात करावा लागला. चित्रपट सुंदरच आहे, पण प्रेक्षक अपराधातून सहीसलामत सुटला.

बाईंनी हे अनुभवावाचून लिहिले नव्हते. नवरा लष्करी अधिकारी, त्याची इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला नेमणूक. तिथल्या उकाड्यात, घरच्या आठवणीने झुरत तिने कादंबरीला हात घातला. नवऱ्याचे आधी एका देखण्या मुलीशी लग्न ठरून मोडले होते, आणि तिच्याविषयीचा मत्सर मनात होताच. ज्या घरावरून तिला मँडर्ली सुचले ते कॉर्नवॉलमधले मेनाबिली तिने १९४३ साली भाड्याने घेतले, जिवापाड सजवले आणि १९६९ साली सोडले. घर शेवटपर्यंत दुसऱ्यांचेच राहिले.

या जातीची आणखी पुस्तके पुष्कळ आहेत. शर्ली जॅक्सनची १९५९ची ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ अवश्य वाचावी. अकरा वर्षे आईचे आजारपण काढलेली, स्वतःचे घर नसलेली एलिनॉर त्या विचित्र घराला भिते की तिथेच राहायला आसुसते, हे शेवटपर्यंत उमगत नाही. पण रात्री एकटीने वाचू नये, हे माझे ऐकाच.

‘रेबेका’ वाचून झाल्यावर सुट्टीत मी मावशीला ती रोज दुपारी थोडी थोडी सांगितली. शेंगा सोलत ती ऐकायची. संपल्यावर तिने एवढेच विचारले, “त्या पोरीचं नाव काय गं?”

“लेखिकेनं ते सबंध पुस्तकात दिलंच नाही, मावशी.”

मावशीचे स्वतःचे नाव लग्नात तांदळांवर लिहून बदललेले. ती क्षणभर थांबली, मग पुन्हा शेंगा सोलू लागली.

“माहेरी तिला काय म्हणत असत, तेवढं तरी सांगायचं होतं तिनं.”