तेरवीनंतरचा चौदावा दिवस

(ढाणकी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे कुणाच्या घरी मौत झाली तर काय करायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्या घरची चूल पेटत नाही, म्हणून शेजारून पिठलं-भाकरी येते. कुणी लाकडांचं बघतो, कुणी पाहुण्यांना फोन लावतो. बाया मजुरी बुडवून थांबतात. मग तेरवी होते, सतरंज्या गुंडाळतात, पाहुणे एसटीत बसतात. चौदाव्या दिवशी त्या घरात कोण येतं? मला त्या दिवसाबद्दल बोलायचंय.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटकावरून झालेला वाद तुम्हाला ठाऊक आहे, तो सोडा. शेवटी उद्घाटन केलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्यांच्या शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली होती. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापेंनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्या काम करत होत्या. अशाच घरांतल्या बाया आणि मुली त्या नाटकात उभ्या राहिल्या. नाव तेरवीचं, पण तेरवीनंतर ज्यांना जगायचं असतं, त्या रंगमंचावर!

लोक येणं बंद का होतं? माया आटते म्हणून नाही, असं मला वाटतं. तेरा दिवस प्रत्येकाला काम ठरलेलं असतं. पुढं कुणालाच नसतं. पुरुषाला वाटतं, एकट्या बाईच्या घरी कसं जावं. बाया हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत. लांबलेल्या आजारपणातही तेच. कॅन्सर कळला की पहिल्या महिन्यात फळांच्या पिशव्या येतात. सहाव्या महिन्यात रोग्यापाशी तासभर बसायला माणूस मिळत नाही, आणि सांभाळणारी सून दळण आणायलाही बाहेर पडू शकत नाही.

यावर काम झालंय, तेही विदर्भात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवरचे कार्यकर्ते शिकवून तयार केले. ते गावात बैठका घ्यायचे, घरी जाऊन ऐकून घ्यायचे, गरज पडली तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवायचे. आपल्याकडे ‘मला डिप्रेशन आहे’ असं कोण म्हणतं? ‘टेन्शन आलंय’, ‘करमत नाही’ म्हणतात. ते ऐकणारा माणूस त्याच बोलीचा लागतो. साधारण दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त ते छापून आलं. अर्थात तरीही चारातले तीन मदतीविना राहिलेच.

केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला वेदनाशमनाचं काम डॉक्टरांनी सुरू केलं. पुढं त्यांच्या लक्षात आलं, की रोग्याच्या घरातली निम्मी अडचण औषधाची नसतेच. मग शेजाऱ्यांनाच हाताशी धरलं. अट काय? आठवड्याला किमान दोन तास. प्रशिक्षण घ्यायचं आणि आपल्याच भागातल्या रोग्यांकडे जायचं. २००८ मध्ये केरळ सरकारनं त्याचं धोरण केलं.

ढाणकीत बचत गट आहेत, भजनी मंडळं आहेत, आशाताई आहेत. नवी संस्था कशाला? तेरवीच्या दिवशीच दोन माणसं ठरवा, त्यातली एक बाई असू द्या. वर्षभर आठवड्यातून एक फेरी. फेरफाराला तलाठ्याकडे सोबत जाणं, पोरांच्या शाळेचं बघणं. पेरणीचा दिवस, पोळा, पहिली दिवाळी, हे दिवस जड जातात. तेव्हा चुकवू नका. आणि कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. १४४१६ हा टेलीमानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

मागून एक ताई विचारतात, ‘गेल्यावर बोलायचं काय?’ ताई, ‘देवाची मर्जी’ आणि ‘लेकरांकडं बघ’ ही दोन वाक्यं तिनं तेरा दिवस ऐकलीत, ती पुन्हा नकोत. गेलेल्या माणसाचं नाव निघालं तर निघू द्या. नाहीच काही सुचलं तर सूप ओढा आणि तिच्यासोबत तूर निवडायला बसा.