'तिचा' भाऊ आणि 'हर' ब्रदर : इंग्रजी स्वामित्वदर्शक सर्वनामें व विरामचिन्हें

बेसा हें गांव पूर्वीं नागपूरच्या दक्षिणेस शेतांच्या मधोमध होतें. आतां शहरच त्याच्यापर्यंत चालून आलें आहे. शेतांचे लेआउट झाले, लेआउटांत घरें उभीं राहिलीं, आणि संध्याकाळीं त्या घरांतून मुलांच्या इंग्रजी व्याकरणाची उजळणी ऐकूं येऊं लागली. महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासूनच शिकविला जातो. त्यामुळें ही उजळणी फार लहानपणीं सुरू होते. तींत दोन ठिकाणीं मूल हमखास अडखळतें : 'त्याचें', 'तिचें' यांचें इंग्रजी करतांना, आणि वाक्य कोठें संपलें हें ठरवितांना. आईबाप म्हणतात, पोराचें लक्ष नाहीं. पुष्कळदां तें नसतेंच. परंतु या चुकांचें मूळ बहुधा मराठींत असतें, आणि म्हणून त्यांवरचा उपायही मराठींतूनच निघतो.

'तिचा भाऊ आला' या वाक्याचें भाषांतर मूल 'हिज ब्रदर केम' असें करतें. कारण त्याची दृष्टि 'चा' या प्रत्ययावर पडते, आणि 'चा' तर पुल्लिंगी. वस्तुतः मराठीचा हा शब्द एकाच वेळीं दोन धन्यांची चाकरी करतो. 'ति' हें अंग मालकाचें लिंग सांगतें. 'चा' हा प्रत्यय मालकीच्या वस्तूचें. तिचा भाऊ, तिची बहीण, तिचें घर : प्रत्यय तीन वेळां बदलला, अंग एकदांही नाहीं. इंग्रजीला वस्तूच्या लिंगाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. तिन्ही ठिकाणीं 'हर' हा एकच शब्द. तेव्हां मुलाला सांगावें कीं, चा-ची-चें यांवर बोट ठेव आणि उरलेलें वाच. 'ति' उरलें तर 'हर', 'त्यां' उरलें तर 'देअर', 'त्या' उरलें तर 'हिज'. मात्र हा 'त्या' झाडाचा, घराचा किंवा दगडाचा असेल तर 'इट्स'. हिंदीच्या 'उसका' या शब्दांत मालक पुरुष कीं स्त्री हें मुळींच कळत नाहीं. जुन्या मध्यप्रांताची ही राजधानी हिंदी व मराठी दोन्ही बोलणारी, आणि अंगणांतला खेळ अजून निम्मा हिंदींतच चालतो. म्हणून येथील मुलानें इंग्रजी लिहितांना 'उसका' बाजूस ठेवून 'त्याचा' कीं 'तिचा' हें आधीं मनाशीं ठरवावें.

'माय' आणि 'माइन' यांतील भेदही असाच. ग्रांथिक मराठींत 'माझें पुस्तक' आणि 'हें पुस्तक माझें' या दोहोंस एकच शब्द पुरतो. इंग्रजीला दोन लागतात. नागपुरी बोलींत मात्र 'तुझंवालं दे, माझंवालं हरवलं' असें सहज म्हणतात. पुण्याकडील पाहुण्यांना याचें हसूं येतें. येईना कां! जेथें 'वालं' लावतां येतें आणि त्यापुढें नाम येत नाहीं, नेमकें तेथेंच इंग्रजींत 'माइन', 'यूअर्स', 'हर्स', 'देअर्स' हे शब्द बसतात. पुढें नाम आलें कीं 'माय', 'यूअर'. पुणेकर मुलाला ही सोय नाहीं.

आतां त्या वरच्या टिंबाचा, म्हणजे लोपचिन्हाचा प्रश्न. नामाची मालकी दाखवितांना इंग्रजींत 'एस' पूर्वीं हें चिन्ह देतात. म्हणून मूल 'यूअर्स' आणि 'इट्स' यांनाही तें देतें. यांत त्याचा तर्क चुकलेला नाहीं, रूढि आड येते. नपुंसकलिंगालाही पूर्वीं 'हिज' हाच शब्द चाले. 'इट्स' हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस पुढें आला, आणि पुढील दोन शतकें खुद्द इंग्रज मुद्रकही त्याला हें चिन्ह सर्रास देत असत. आज मात्र 'इट्स' मधील चिन्ह 'इट इज' किंवा 'इट हॅज' यांतील अक्षरें गळाल्याचीच खूण होय. मोठ्यानें 'इट इज' अथवा 'इट हॅज' वाचून पाहावें. अर्थ टिकला तर चिन्ह द्यावें, न टिकला तर देऊं नये. पत्राखालच्या 'यूअर्स फेथफुली' मध्यें तें कधींच नसतें.

'आपला' हा शब्द तर अधिकच खोल. 'रामानें गोविंदाला आपलें पुस्तक दिलें' म्हणजे रामाचें; 'त्याचें पुस्तक दिलें' म्हणजे दुसऱ्या कोणाचें, बहुधा गोविंदाचें. इंग्रजींत दोन्हीकडे 'हिज'. मराठीला जें एका शब्दांत स्पष्ट होतें, त्यासाठीं इंग्रजींत 'ओन' हा शब्द जोडावा लागतो, नाहींतर नांव घ्यावें लागतें. शिवाय 'आमचें घर' यांत ऐकणारा बाहेर राहतो, 'आपलें घर' यांत तो आंत येतो. इंग्रजी 'अवर' हा भेद जाणत नाहीं. भाडेकरूनें घरमालकाला लिहितांना हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

विरामचिन्हांची गोष्ट निराळी. जुन्या मराठींत तीं जवळजवळ नव्हतींच. पोथींत दंड असे. मोडी लिहिणारा तर आधीं आडवी रेघ ओढून तिच्याखालीं शब्दाला शब्द चिकटवीत जाई. तरीही कागद वाचतां येत, कारण मराठी वाक्याच्या शेवटीं क्रियापद येतें, आणि 'आहे', 'केलें', 'द्यावें' हेंच तेथें पूर्णविरामाचें काम करतें. इंग्रजी क्रियापद वाक्याच्या मध्यें बसतें. शेवट ओळखायला खूण लागते. मोल्सवर्थचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं पुरा करणारे मेजर थॉमस कँडी यांनीं 'विरामचिन्हांची परिभाषा' (१८५०) लिहून हीं चिन्हें मराठींत रूढ केलीं. उसनी आणलेली वस्तु घरांत रुळली, पण इंग्रजीचे सर्व कायदे तिच्याबरोबर आले नाहींत. मराठींत 'पाऊस आला, आम्ही घरीं गेलों' हें चालतें. इंग्रजींत दोन पूर्ण वाक्यें केवळ स्वल्पविरामानें जोडणें दोष ठरतो. तेथें पूर्णविराम, अर्धविराम किंवा 'अँड' हवा.

हा दोष परीक्षेंत एखाद्या गुणावर भागतो. कागदपत्रांत तसें होत नाहीं. समजा, बेशाच्या एका गृहस्थाला चार मुलगे, त्यांपैकीं दोघे नागपुरांत राहणारे. मृत्युपत्रांत तो लिहितो, 'जे मुलगे नागपुरांत राहतात, त्यांना प्लॉट द्यावा.' मराठींत स्वल्पविराम असो वा नसो, 'जे-ते' या जोडीनें अर्थ पक्का होतो : प्लॉट दोघांनाच. हेंच इंग्रजींत उतरवितांना लेखक संवयीनें 'सन्स' या शब्दापुढें एक आणि 'नागपूर' या शब्दापुढें एक, असे दोन स्वल्पविराम देतो. त्यामुळें 'नागपुरांत राहणारे' ही निवड न राहतां नुसती माहिती होते, आणि सर्व मुलगे नागपुरांतच राहतात व सर्वांना प्लॉट द्यावा, असा अर्थ निघतो. पुण्यास आणि परदेशीं असलेल्या दोघांना भांडायला जागा झाली. तेथें दोन्ही स्वल्पविराम काढावे. त्याहून बरें म्हणजे वाक्य मोडून दोघांचीं नांवेंच लिहावीं.